आजचं काय ते बघूया

चाळीस पानी एक वही घ्या. साधी, एकेरी रेघांची. बेळगावात गणपत गल्लीत असो की खानापूरच्या स्टँडसमोर, कुठंही मिळते. मोबाइलमध्ये लिहू नका. मोबाइल उघडला की पुण्यात नोकरीला लागलेल्या चुलतभावाची नवी गाडी आधी दिसते आणि लिहायचं राहूनच जातं. वही उशाशी ठेवा, पेन तिच्यातच अडकवून ठेवा. पुढं ज्या पायऱ्या सांगणार आहे, त्या या वहीतूनच चढायच्या आहेत.

मी कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात सत्तावीस वर्षं शिकवलं. येळ्ळूरच्या शिवारात घरची थोडी भातशेती आहे, ती आता मीच बघतो. शाळेत असताना आणि निवृत्तीनंतरही एक प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला गेला: "सर, सकारात्मक राहा, सकारात्मक राहा म्हणत्यात सगळे. पण म्हणजे नेमकं करायचं काय?" बरीच वर्षं मीही "धीर धर, होईल सगळं नीट" एवढंच सांगत होतो. मूल मान हलवायचं, निघून जायचं आणि आठवड्यानं तसंच पडेल चेहऱ्यानं परत यायचं. तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. जे वाचलं ते मुलांवर नाही, आधी स्वतःवर करून बघितलं. त्यातलं जे टिकलं, ते इथं मांडतोय.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवूया. सकारात्मक माणूस म्हणजे सतत हसणारा माणूस नव्हे. घरात मयत झाल्यावर रडणारा, पीक गेल्यावर चिडणारा, नापास झाल्यावर दोन दिवस दार लावून बसणारा माणूसही सकारात्मक असू शकतो. माझ्या करण्यानं थोडा तरी फरक पडतो, हे धरून जो वागतो तो सकारात्मक, एवढीच माझी व्याख्या आहे. भावना कशीही असो, वागणं तसं हवं.

पहिली पायरी: मनातलं वाक्य पकडा

संकट आलं की मन लगेच एक वाक्य तयार करतं. आपल्याकडचं सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "आपलं हे असंच." नापास झाला, आपलं हे असंच. मुलीचं लग्न मोडलं, आपलं हे असंच. वहीच्या पहिल्या पानावर तुमचं वाक्य लिहा. सुधारून नको, मनात येतं तसंच, शिवी असेल तर शिवीसकट.

मग त्या वाक्याला तीन प्रश्न विचारा. हे कायमचं आहे का? हे आयुष्यातल्या सगळ्याच गोष्टींना लागू आहे का? आणि याचं कारण खरोखर जे मी समजतोय तेच आहे का?

हे तीन प्रश्न मानसशास्त्रातून आलेत. १९६७ मध्ये अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर या संशोधकांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. काही कुत्र्यांना विजेचे झटके बसत आणि त्यांनी काहीही केलं तरी ते थांबत नसत. नंतर त्याच कुत्र्यांना अशा पेटीत ठेवलं, जिथं मधला छोटासा आडोसा ओलांडला की सुटका होती. त्यातले बरेच कुत्रे हललेच नाहीत. पडून राहिले, झटके सोसत राहिले. याला त्यांनी 'शिकलेली हतबलता' असं नाव दिलं. पुढं सेलिगमन यांनी माणसांबद्दल सांगितलं, की संकटाचं कारण 'कायमचं, सगळीकडचं आणि माझ्यातच असलेलं' असं जो मानतो, तो लवकर हात टेकतो.

मला सगळ्यांत मोलाची वाटते ती या गोष्टीची पुढची बाजू. जवळपास पन्नास वर्षांनी, २०१६ मध्ये, याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या अभ्यासाच्या आधारे लिहिलं की आपण तेव्हा उलटं समजलो होतो. हतबलता शिकावी लागत नाही. त्रास लांबला की ती आपोआपच येते. शिकावं लागतं ते दुसरंच: माझ्या करण्यानं फरक पडतो, हे. हे वाचलं त्या दिवशी मला माझे कितीतरी विद्यार्थी आठवले. ज्यांना आम्ही 'आळशी', 'मनावर घेत नाही' म्हणत होतो, त्यांना ही एक गोष्ट कुणी शिकवलीच नव्हती. ती शिकता येते, आणि लहान लहान अनुभवांतूनच शिकता येते.

एक उदाहरण घेऊया. मराठी माध्यमातून एसएसएलसी (म्हणजे दहावी) झालेला मुलगा पीयूसीला (म्हणजे अकरावी-बारावीला) सायन्स घेतो आणि एका रात्रीत सगळं इंग्रजीत सुरू होतं. पहिल्या सहामाहीत भौतिकशास्त्रात नापास होतो. एक असाच मुलगा मला खानापूरच्या बसस्टँडवर भेटला.

"काय करायलास रे सध्या?"

"काय नाही सर. कॉलेज सोडायचा इचार हाय. मला डोकंच नाही."

"दहावीला विज्ञानात किती होते?"

"ब्याऐंशी."

"मग डोकं कुठं गेलं एवढ्यात?"

तो गप्प झाला. मग आम्ही बाकावर बसून वाक्य पुन्हा लिहिलं. "मला डोकं नाही" याच्या जागी आलं, "पहिल्या सहामाहीत मला भौतिकशास्त्राचे इंग्रजी शब्द कळले नाहीत." दोन्ही वाक्यं दुःखाचीच आहेत. पण पहिल्यापुढं भिंत आहे आणि दुसऱ्यात वाट आहे. शब्द कळले नाहीत, तर शब्द शिकता येतात. त्यानं वहीत दोन रकाने केले: त्वरण – अ‍ॅक्सलरेशन, संवेग – मोमेंटम, घनता – डेन्सिटी. रोज दहा शब्द. शिवाय आता कर्नाटकात एसएसएलसी असो की दुसरी पीयूसी, त्याच वर्षी पुन्हा परीक्षेला बसायची सोय आहे, त्यामुळं 'वर्ष वाया' हे वाक्यही पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

या पायरीवर घाई करू नका. आठवडाभर फक्त वाक्यं पकडा. नवं वाक्य खोटं गोड नको. ते खरंच असलं पाहिजे, फक्त नेमकं हवं. "मी फार हुशार आहे" असं लिहून उपयोग नाही. कॅनडातल्या जोअन वूड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवून दिलं, की स्वतःबद्दल आधीच कमीपणा वाटणाऱ्यांनी "मी खूप प्रेम करण्याजोगा माणूस आहे" असं स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं, तर त्यांना बरं वाटण्याऐवजी आणखी वाईट वाटलं. मनाला खोटं लगेच कळतं. सकाळी आरशासमोर उभं राहून घोषणा द्यायला सांगणाऱ्या शिबिरांवर पैसे घालवण्याआधी हे लक्षात घ्या.

दुसरी पायरी: दोन रकाने

पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडं 'हाताबाहेरचं', उजवीकडं 'हातातलं'.

आपल्या भागात ही पायरी सगळ्यांत अवघड आहे, म्हणून इथं जरा थांबतो. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा मराठी माणसांचा भाग तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आताच्या कर्नाटक राज्यात गेला. दरवर्षी त्या तारखेला आपली माणसं काळा दिवस पाळतात. हा भाग मिळावा म्हणून २००४ पासून महाराष्ट्राचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आमच्या घरात वडिलांनी या प्रश्नासाठी मार खाल्लाय, त्यामुळं ती जखम मला पुस्तकातून कळलेली नाही. ज्यांना लोकशाही मार्गानं मागणी करायची त्यांनी ती जरूर करावी.

पण मी माझ्याच पिढीतली कितीतरी माणसं बघितली, ज्यांनी सगळं आयुष्यच त्या निकालाच्या दाराशी बसवून ठेवलं. कर्ज काढायचं नाही, मुलाला तांत्रिक शिक्षण द्यायचं नाही, अर्ज भरायचा नाही, का, तर "आपल्याला इथं कोण विचारतंय?" त्रास खरा होता. पण त्या खऱ्या त्रासानं कधी कधी आळसाला, कधी भीतीला पांघरूण घातलं. न्यायालयाची तारीख डाव्या रकान्यात जाते. पोराचा आयटीआयचा अर्ज उजव्या रकान्यात. दोन्ही एकाच पानावर असू द्यात, पण रेघ ओलांडू देऊ नका.

आमच्या गल्लीत महाराष्ट्रातल्या चंदगडकडची एक सून आली. सासरे वारल्यावर जमिनीचे कागद बघायची वेळ तिच्यावर आली. पहाणी (म्हणजे तिकडचा सातबारा) कन्नडमध्ये, अर्ज कन्नडमध्ये, खिडकीतला माणूस घाईत. रडत घरी आली. "काका, मला तर अंगठाबहाद्दर झाल्यासारखं वाटलं. मी बीए झालेली बाई!" तिनं रकाने केले. कचेरीची भाषा डावीकडं. 'अक्षरं वाचता येणं' उजवीकडं. कन्नडची वर्णमाला आपल्यासारखीच क, ख, ग, घ या क्रमानं चालते, फक्त वळण वेगळं. एकोणपन्नास अक्षरं. रोज चार घेतली तर दोन आठवडे पुरतात. तिनं सराव केला तो बसच्या पाट्यांवर, कारण गाव माहीत असतं, मग अक्षर आपोआप ओळखू येतं. दीड-दोन महिन्यांत ती पहाणीवरचं नाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र वाचू लागली. आता नाडकचेरीत, म्हणजे महसुली कचेरीत, जाताना गल्लीतल्या चार बायका तिला सोबत नेतात. तिची मराठी तसूभरही कमी झाली नाही. मुलांना रात्री गोष्टी ती मराठीतच सांगते. कन्नड शिकणं म्हणजे हार मानणं, असं जे आपल्याकडं काही जण समजतात ते मला पटत नाही. आपली अक्का आणि आपला अण्णा हे शब्दसुद्धा त्याच भाषेतून आलेत.

तिसरी पायरी: मन लागायची वाट बघू नका

आपण म्हणतो, "मन लागलं की करतो." खरं तर बहुतेक वेळा उलटं घडतं. आधी हात हलतात, मन मागून येतं. नैराश्यावरच्या उपचारात याला आता पक्की जागा आहे. पीटर ल्युइनसन यांनी १९७० च्या दशकात मांडलं की खचलेला माणूस कामं सोडतो, कामं सोडल्यानं समाधानाचे क्षण संपतात, आणि ते संपल्यानं तो आणखी खचतो. हा फेरा विचारांच्या बाजूनं तोडण्यापेक्षा कामाच्या बाजूनं तोडणं पुष्कळांना सोपं जातं.

माझा मावसभाऊ बेळगावच्या वडगावात राहतो. घरात दोन यंत्रमाग. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली, सूत यायचं थांबलं, तयार साड्या घरात पडून राहिल्या. माणूस अंथरुणातून उठेना. वहिनींनी मला फोन केला, "भावजी, तुम्ही तरी काहीतरी सांगा यांना." मी फोनवर उपदेश केला नाही. एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी चहा झाला की मागाच्या खोलीत जायचं आणि फक्त एक धोटा, आडवं सूत नेणारा, पुसायचा. दहा मिनिटं. मग परत झोपलास तरी चालेल."

पहिल्या दिवशी त्यानं धोटा पुसला आणि खरंच परत झोपला. तिसऱ्या दिवशी तेलाची बाटली काढली. आठवड्यानं खोली झाडून निघाली. माग सुरू झाला तो कित्येक आठवड्यांनी, सूत आल्यावरच. पण सूत आलं तेव्हा माग तयार होता आणि माणूसही तयार होता. शेजारच्या दोन घरांत तसं नव्हतं.

तुमची दहा मिनिटं कोणती, ते वहीत लिहा. नियम तीन. काम इतकं लहान हवं की नाही म्हणायला लाज वाटावी. ते हातानं किंवा पायानं करायचं हवं, नुसतं 'विचार करणं' चालणार नाही. आणि रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला बांधलेलं हवं: चहानंतर, देवपूजेनंतर, दूध घालून आल्यावर.

किती दिवस? एकवीस दिवसांत सवय लागते असं सगळीकडं सांगतात, त्यावर विसंबू नका. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तेव्हा सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले तर कुणाला २५४ दिवस लागतील असं दिसलं. मधला आकडा ६६. म्हणजे मृगाच्या पहिल्या पावसाला सुरुवात केली तर नागपंचमी, नारळी पौर्णिमेपर्यंत धरून राहायचं. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट मला फार दिलासा देते: मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही. एकादशीचा उपास मोडला म्हणून कुणी वारकरी माळ काढून ठेवत नाही.

चौथी पायरी: जर आणि तर

स्वप्न बघणं वाईट नाही, पण नुसतं गोड स्वप्न कधी कधी कामालाच मारतं. गॅब्रिएल ऑटिंगन या मानसशास्त्रज्ञ बाईंना वर्षानुवर्षांच्या अभ्यासात हेच आढळलं. यशाची सुंदर चित्रं रंगवणारे लोक प्रत्यक्षात कमी धडपडतात, जणू मनानं ते मिळवूनच टाकलेलं असतं. त्यांचा उपाय असा, की इच्छेच्या शेजारीच अडथळा मांडायचा. आणि पीटर गॉलविट्झर यांनी त्या अडथळ्यासाठी 'जर-तर'ची वाक्यं आधीच ठरवायला सांगितलं.

बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव. पहाटे कॅम्पच्या बाजूला किंवा कुठल्याही खेड्याच्या रस्त्यावर गेलात तर भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. त्यातल्या एकानं वहीत काय लिहिलं होतं ते सांगतो:

जर पहाटे पाऊस असला, तर शाळेच्या व्हरांड्यात पंधरा मिनिटं दोरीच्या उड्या.
जर सोबतचा मित्र उठला नाही, तर हाक न मारता एकट्यानं निघायचं.
जर १६०० मीटरला मागच्या आठवड्यापेक्षा वेळ जास्त लागला, तर त्या रात्री जेवण आणि झोपेची वेळ वहीत बघायची, स्वतःला शिव्या घालायच्या नाहीत.

कणकुंबी, जांबोटीकडच्या पावसात पहिलं वाक्य किती कामाचं आहे, ते तिकडच्यांना सांगायला नको. जून ते सप्टेंबर 'पाऊस आहे' हे कारण रोज खरंच असतं. म्हणून अडथळा आला की बघू, असं नको. तो येणारच, हे धरूनच वाक्य लिहा.

पाचवी पायरी: रात्रीच्या दोन ओळी

झोपण्याआधी आज काय बरं झालं ते दोन ओळींत लिहा आणि ते कशामुळं झालं तेही. 'कशामुळं' महत्त्वाचं. "म्हशीनं दूध नीट दिलं, कारण मी वेळेवर वैरण टाकली." "बस मिळाली, कारण कंडक्टर अण्णांनी थांबवली." पहिल्या ओळीत तुमचा हात दिसतो, दुसरीत दुसऱ्याचा. दोन्ही दिसायला हवेत. आपलं मन वाईट गोष्ट जास्त घट्ट धरून ठेवतं, तो त्याचा स्वभावच आहे. तेव्हा चांगल्याची नोंद हातानंच करावी लागते.

मनात काही फार जड साचलं असेल, तर चार दिवस सलग पंधरा-वीस मिनिटं त्यावरच लिहा, शुद्धलेखनाची फिकीर न करता. जेम्स पेनबेकर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत तपासली. ती पानं कुणाला दाखवायची नाहीत, हवं तर चुलीत घाला. लिहिताना त्रास जास्तच वाढतोय असं वाटलं, तर थांबा.

सहावी पायरी: माणसं

वहीच्या मधल्या पानावर चार नावं लिहा. पैशाला मदत करणारी नकोत. रात्री दहाला फोन केला तर उचलतील अशी. चार सुचत नसतील तर हे पान रिकामं ठेवा आणि याच पायरीवर काम करा, बाकी सगळं थांबलं तरी चालेल.

आपल्याकडं माणसं जोडायच्या जागा कमी नाहीत, आपण जायचं सोडलंय एवढंच. एकादशीचं भजन आहे, तालीम आहे, बायकांचे बचत गट आहेत. बेळगावचं सार्वजनिक वाचनालय १८४८ पासून चालू आहे. तिथं वर्तमानपत्र वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांजवळ नुसतं अर्धा तास बसलं तरी मन हलकं होतं, हा माझा अनुभव आहे. कडोली, येळ्ळूर, उचगाव अशी आपली खेडी स्वतःच्या बळावर मराठी साहित्य संमेलनं भरवतात. सतरंज्या घालायला, पाणी द्यायला, पाहुण्यांना स्टँडवरून आणायला माणसं लागतात. उदास असताना व्याख्यान ऐकायला जाऊ नका, सतरंज्या घालायला जा. दुसऱ्याच्या उपयोगी पडलेला दिवस वहीत आपोआप दिसतो.

आणि तुम्ही स्वतः कुणाचं तरी चौथं नाव असाल, तर खचलेल्या माणसाशी बोलताना "टेन्शन घेऊ नको", "तुझ्यापेक्षा वाईट परिस्थिती असते लोकांची" ही दोन वाक्यं तोंडात आली तरी गिळा. त्याऐवजी विचारा, "जेवलास काय?" मग, "आज सगळ्यांत जास्त काय टोचतंय?" मग गप्प बसा. तो बोलायला वेळ लावेल. लावू दे.

या पायऱ्या कुठं पुरत नाहीत

हे मी शेवटच्या कोपऱ्यात टाकायला नको होतं, म्हणून जरा ठळकपणे सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त काळ, जवळपास रोज, दिवसभर मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप किंवा भूक उडाली असेल, आपण कुणाच्या कामाचे नाही असं वाटत असेल, तर तो दृष्टिकोनाचा प्रश्न नाही, आजार असू शकतो. मधुमेहाला आपण 'सकारात्मक राहा' म्हणत नाही, गोळी देतो. इथंही तसंच. बेळगावात जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. १४४१६ या क्रमांकावर टेली-मानस ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, दिवसरात्र, आणि मराठीत बोलायचं असेल तर मराठीतही. आपल्याच कर्नाटकातल्या बळ्ळारी जिल्ह्यात १९८० च्या दशकात निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेनं खेड्यातल्या साध्या दवाखान्यांतून मानसिक आजारांवर उपचार करून दाखवले, आणि त्याच धर्तीवर १९९६ पासून देशभर जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम उभा राहिला. तेव्हा डॉक्टरकडं जाणं हे शहरी खूळ आहे, असं कुणी म्हणालं तर त्याला बळ्ळारीचं नाव सांगा.

घरातलं कुणी "मी नसतो तर बरं झालं असतं" अशा अर्थाचं बोललं, तर ते मनावर घ्या. सरळ विचारा, "जीव द्यायचा विचार मनात येतोय काय?" विचारल्यानं तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट माणसाला सुटल्यासारखं वाटतं. त्याला एकटं सोडू नका. शेतीच्या घरात कीटकनाशकाचे डबे माळ्यावर, गोठ्यात उघडे पडलेले असतात. ते त्याच दिवशी कुलपात घाला किंवा घराबाहेर न्या, आणि किल्ली दुसऱ्याकडं द्या. धोका समोर दिसत असेल तर ११२.

माझी वही

कुणी विचारतं, तुम्ही स्वतः कधी केलंत का हे? २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात सगळीकडं महापूर आला, तेव्हा आमच्याकडच्या बळ्ळारी नाल्याचं (बळ्ळारी जिल्ह्याशी याचा संबंध नाही) पाणी आमच्या शिवारात घुसलं आणि हटेना. बासमतीचं पीक, पोटरीतसुद्धा आलेलं नव्हतं, पाण्याखाली कुजत होतं. मी चार दिवस घरात भिंतीकडं तोंड करून बसलो. शाळेत मुलांना जे शिकवलं होतं, त्यातलं एक अक्षर त्या दिवसांत आठवलं नाही.

पाचव्या दिवशी शेजारच्या शेताचे मालक, अण्णा, दारात आले. माझ्यापेक्षा वयानं मोठे, शिक्षण चौथी. म्हणाले, "सर, पाणी बघत बसून उतरतंय होय? खालच्या बांधाचं तोंड बुजलंय. चला, आजचं काय ते बघूया." फावडं घेऊन गेलो. दुपारपर्यंत गाळ ओढला. मग मोबाइलवर शेताचे फोटो काढले, तलाठ्याला पंचनाम्यासाठी लागतात म्हणून. भात गेलंच. पण वाफसा आल्यावर त्याच ओलीवर मसूर पेरता येईल का, याचा हिशेब आम्ही बांधावर बसूनच केला, आणि पुढं पेरली.

ती वही अजून आहे. दरवर्षी मृग लागला की मी ती काढून वाचतो. त्या दिवसाच्या पानावर रात्रीच्या दोनच ओळी आहेत: बांधाचं तोंड मोकळं झालं, कारण अण्णा हाक मारायला आले. संध्याकाळपर्यंत पाणी एक वीत उतरलं.